दगडाचं नाक

फार पूर्वी, रस्ते अजून पायांनीच पडत होते त्या काळी, डोंगरांच्या मध्ये एक लहानसं राज्य होतं. राज्य लहान असलं तरी तिथली एक शिस्त फार मोठी होती. तिथे माणसाचं मोल त्याच्या चालीवरून ठरायचं.

चाल म्हणजे चालचलन नव्हे. अगदी खरीखुरी चाल, पायांची आणि हातांची. कुण्या जुन्या राजाला सरळ रस्ते फार आवडायचे. त्याने एकदा ठरवून टाकलं की जे सरळ जातं ते श्रेष्ठ, आणि पुढच्या कोणाला ते बदलायचं सुचलं नाही.

सुगीच्या पहिल्या दिवशी सगळ्या गावाचं एकत्र जेवण व्हायचं. चार पंगती बसायच्या. पहिली पंगत सरळ जाणाऱ्यांची. त्यात निरोप घेऊन धावणारे जासूद, नांगरट करणारे आणि ओळंबा धरून भिंत उभी करणारे गवंडी. दुसरी गोल फिरणाऱ्यांची. त्यात तेली, कुंभार, जात्यावर दळणाऱ्या बायका. तिसरी येरझारा घालणाऱ्यांची, म्हणजे माग चालवणारे, करवत ओढणारे, ताक घुसळणाऱ्या आणि पाळणा हलवणाऱ्या. पाळणा दिवसभर हलवला तरी तो कुठेच पोचत नाही, असं पंगतीच्या कारभाऱ्याचं म्हणणं होतं. आणि चौथी पंगत उरलेल्यांची, ज्यांच्या चालीला दिशाच नाही अशांची. तिला भिरभिरी पंगत म्हणत. तिथवर जाईपर्यंत भात गार व्हायचा, आणि लाडवांचा नुसता वास पोचायचा.

मूल आठ वर्षांचं झालं की सुगीच्या आदल्या संध्याकाळी त्याने कारभाऱ्यासमोर चालून दाखवायचं. कारभारी बघायचा आणि पंगत सांगायचा. एकदा सांगितलेली पंगत जन्मभराची, आणि कामही त्या पंगतीला शोभेल असंच.

या गावात एक राखणदारीण होती. ज्वारीच्या शेतात उंच माळ्यावर उभी राहून ती गोफणीने पाखरं उडवायची. नवरा मीठ वाहणाऱ्या बैलांबरोबर समुद्राकडे गेलेला, तो सुगीनंतरच परतणार. आठव्या वर्षी तिने चालता चालता गोफणही फिरवून दाखवली, तेव्हा तिची पंगत ठरवताना कारभाऱ्याची मोठी पंचाईत झाली होती. गोफण गोल फिरते, पण दगड सरळ जातो. मग ही पोर गोल की सरळ? कारभाऱ्याने पहाटेपर्यंत डोकं खाजवलं आणि शेवटी तिला दुसऱ्या पंगतीत, अगदी टोकाला बसवलं.

तिचं स्वतःचं तिला काही वाटत नव्हतं. तिला काळजी होती ती लेकीची.

लेकीला सगळं गाव भिंगरी म्हणायचं. पाणी आणायला निघाली तर सरड्यामागे जायची. सरडा झाडावर चढला की मुंग्यांची रांग बघायला खाली बसायची, आणि घागर कुठे ठेवली तेच विसरायची. शेजारणी म्हणायच्या की पोर गोड आहे, पण तिला कशातच गती नाही. ते ऐकून राखणदारीण बोटांवर महिने मोजायची. लेक सुगीपर्यंत आठ वर्षांची होणार होती. गार भात तिने एकदा खाल्ला तर हरकत नव्हती, पण जन्मभर?

म्हणून तिने निश्चय केला. पोरीला सरळ चालायला शिकवायचंच.

तिने दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत चुन्याची रेघ मारली. महिनाभर रोज सकाळी भिंगरीला त्या रेघेवरून चालवलं. भिंगरी दहा पावलं नीट जायची आणि अकराव्याला नाकतोडा दिसायचा. आई परत रेघेवर आणून उभी करायची. रागवायची, मग रागावल्याबद्दल वाईट वाटून घ्यायची, मग वाईट वाटल्यामुळे आपण कच्च्या पडतो की काय म्हणून आणखी कडक व्हायची. हे चक्र ज्यांच्या घरी मूल आहे त्यांना सांगायला नको.

परीक्षेचा दिवस उजाडला. संध्याकाळी चालायचं होतं, आणि सकाळी पाखरांचे थवे उतरले होते, त्यामुळे आईला शेतावर जाणं भाग होतं. जाताना तिने लेकीला दारात उभं केलं. तोंड नदीकडे होतं, कारण त्या बाजूला घरं नव्हती, गर्दी नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतं. निदान आईला तसं वाटलं.

"आज नाकासमोर चालायचं," ती म्हणाली. "पाचशे पावलं, मोजून. इकडे बघायचं नाही, तिकडे बघायचं नाही. पाचशे झाली की वळायचं आणि तशीच परत."

"आणि मध्ये काही आलं तर?"

"मध्ये काही येत नसतं. तूच मध्ये जातेस."

भिंगरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसली असावीत. मुलांना असलं सगळं दिसतं. तिने मान हलवली आणि चालायला लागली. आणि त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा, ती खरंच नाकासमोर चालली.

साडेचारशेव्या पावलाला नदीचा काठ आला. नदी घोट्याएवढी होती आणि पात्रात पायदगड टाकलेले होते. भिंगरी थांबली नाही. रोजची भिंगरी असती तर पहिल्याच दगडावर बसून पाणी बघत राहिली असती. पाण्याचा रंग आज मातीसारखा पिवळा झालाय, त्यात काटक्या वाहताहेत, खेकडे दगडाखालून निघून वर चढताहेत, हे तिला कोणी न सांगता कळलं असतं. वर डोंगरात रात्री ढग फुटला होता आणि मातीचा जुना बंधारा पाझरत होता. पण आज इकडे तिकडे बघायचं नव्हतं. ती मोजत गेली आणि बरोबर पाचशेव्या पावलाला नदीच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकावर पोचली.

तिथे ती वळली. तेवढ्यात वर बंधारा फुटला. पायदगड एकामागून एक पाण्याखाली गेले.

आईने दिशा ठरवली होती, पावलंही ठरवली होती. त्या दिशेला तेवढी पावलं कुठे नेऊन सोडतात, ते मात्र मोजायचं राहून गेलं होतं.

माळ्यावरून तिला नदीचा आवाज आला. मग लिंबाच्या पलीकडे कोणी ओरडताना दिसलं. ती गोफण हातात तशीच घेऊन धावली. काठावर पोचली तेव्हा निम्मं गाव तिथे जमलं होतं. काळा खडक थराथरांचा होता, पायऱ्या असाव्यात तसा. सात थर होते. त्यातले तीन बुडाले होते. सगळ्यात वर भिंगरी उभी होती, दोन्ही हात अंगाला चिकटवून, नाक घराकडे करून, अगदी सरळ. तिला परत यायचं होतं आणि रेघ बुडाली होती, म्हणून ती हलत नव्हती.

काठापासून खडक पंचेचाळीस हातांवर. पाण्यात उतरणं म्हणजे मरण. नाव दोन कोसांवर.

पहिल्या पंगतीतला जासूद पुढे झाला आणि म्हणाला की तो राजधानीला कळवून येतो. कळवून काय होणार हे त्यालाही ठाऊक नसावं, पण तो धावत सुटला आणि नाकासमोर दिसेनासा झाला. गवंडी म्हणाले की भिंत घालून पाणी अडवता येईल, महिना लागेल. तेलीणमावशीने मात्र बोलण्यात वेळ घालवला नाही. ती घरी गेली आणि घाण्याचा म्हातारा बैल, जाडजूड दोर आणि अंबाडीच्या सुतळीचं मोठं भेंडोळं घेऊन आली.

"आधी सुतळी पोचवा," ती म्हणाली. "सुतळीमागून दोर जाईल. दोर गेला की पुढचं बघू."

गावच्या पैलवानाने सुतळीला दगड बांधला आणि अंगातलं सगळं बळ लावून भिरकावला. दगड पंधरा हात अलीकडे पडला. पुन्हा भिरकावला, वीस हात अलीकडे पडला. चौथा थर बुडाला.

मग सगळ्यांच्या नजरा राखणदारणीच्या हातातल्या गोफणीकडे गेल्या.

ज्यांनी गोफण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मध्ये विणलेला खोलगट पट्टा असतो, त्यात दगड बसतो. पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरीचं टोक नुसतं चिमटीत धरायचं. डोक्यावर गरगर फिरवायची आणि चिमूट सोडायची. दगड जातो, गोफण हातात राहते. बोटातला फासा कधीच सोडायचा नसतो. राखणदारणीला हे तिच्या आईने शिकवलं होतं, आणि ही गोफणही त्याच आईने विणलेली होती.

तिने पट्ट्यात दगड घट्ट बांधून टाकला, सुटू नये म्हणून. फाशाच्या दोरीला सुतळी बांधली. गोफण फिरवली आणि सोडली. पण सवयीने तिने फक्त चिमूट सोडली. फासा बोटातच राहिला. गोफण अर्ध्यावर हिसका खाऊन मागे आली आणि कारभाऱ्याचं पागोटं घेऊन गेली.

"अहो बाई," कारभारी पागोटं उचलत म्हणाला, "नदी पुढे आहे."

राखणदारणीने बोटाकडे पाहिलं. फाशाचा वण पडला होता. आज सगळीच्या सगळी गोफण सोडायची होती. तिने फासा बोटातून काढला आणि दोन्ही टोकं चिमटीत धरली. हात रिकामा झाल्यासारखा वाटला.

आता सगळं गाव शिकवायला लागलं. या राज्यात समोर हाच एक शब्द सगळ्यांना नीट येत होता. "दगड समोर आला की सोड," गवंडी म्हणाले. "अगदी समोर, पोरीच्या रेघेत आला की," पैलवान म्हणाला. शेतात तिने असा विचार कधी केला नव्हता. तिथे थवा एवढा मोठा की हात आपोआप सुटायचा आणि दगड आपोआप जायचा. पण इथे एकच लेक होती. जे हाताला ठाऊक होतं, ते तिने डोक्याला विचारलं, आणि डोकं गावाचं ऐकत होतं.

दगड समोर आला. तिने सोडला. गोफण सूं करत गेली, लांब गेली, पण डावीकडे. खडकापासून तीस हात दूर पाण्यात पडली. सुतळी ओढून घेतली, पुन्हा फिरवली. आता तिने अगदी डोळा लावून, बरोबर भिंगरीच्या रेघेत दगड आला तेव्हाच सोडला. या वेळी तर आणखी जोरात डावीकडे गेला.

पाचवा थर बुडाला. भिंगरी तशीच सरळ उभी होती.

राखणदारीण खाली बसली. तिला वाटलं की आपल्याला पोर वाढवता येत नाही, पाखरं उडवता येत नाहीत, दगडसुद्धा मारता येत नाही. असं वाटण्यात तिचा फार तर एक श्वास गेला. मग ती उठली, कारण खडकाचे दोन थर अजून शिल्लक होते.

"मी एक सांगू का?" मागून कोणीतरी म्हणालं.

तो घाण्याचा बैल होता. त्या काळी बैल बोलायचे. आता बोलत नाहीत की आपण विचारत नाही, मला ठाऊक नाही.

"लवकर सांग," राखणदारीण म्हणाली.

"मी जन्मभर गोल फिरलो," बैल म्हणाला. "एकदा गोमाशी चावली म्हणून मी धावत फिरत होतो आणि जू तुटलं. मला वाटलं होतं, सुटलो तर मधल्या खांबावर तरी आपटेन नाहीतर बाहेर तरी फेकला जाईन. दोन्ही झालं नाही. सुटलो त्या क्षणाला माझं नाक जिकडे होतं तिकडे गेलो. थेट तेलिणीच्या चुलीत."

"दूध उतू गेलं होतं त्या दिवशी," तेलीणमावशी म्हणाली.

"गोल फिरणारा कुठे आहे ते बघू नये, बाई. त्याचं नाक कुठे आहे ते बघावं. तुझा दगड तुझ्यासमोर येतो तेव्हा त्याचं नाक डावीकडे असतं. म्हणून तो डावीकडे जातो. नाकासमोर जातो बिचारा."

राखणदारणीने डोळे मिटले. मग गोफण ताणून धरून हात अगदी हळू गोल फिरवला, जसं मुलाला पहिलं अक्षर गिरवायला शिकवतात तसा. दगड पाठीमागे आला, नाक उजवीकडे. दगड समोर आला, नाक डावीकडे. आणि या दोन्हींच्या मध्ये, दगड उजव्या खांद्याच्या बाजूला आला तेव्हा त्याचं नाक नदीकडे वळलं. बरोबर खडकाकडे.

हे लिहून सांगणं कठीण आहे. हातात दोरी घेऊन, टोकाला कांदा बांधून, अंगणात फिरवून बघा. काचा जपा.

तिने पाय रोवले. गोफण डोक्यावर फिरायला लागली. एक, दोन, तीन, वेग वाढत गेला. दगडाला गोल ठेवत होती ती तिची ओढ. दगडाला स्वतःला सारखं सरळच जायचं होतं, आणि तिच्या मनगटाला ते प्रत्येक फेरीला जाणवत होतं. दगड उजव्या बाजूला आला. तिथे कारभारी उभा होता.

"बाई, दगड माझ्याकडे आहे," तो ओरडला, "नदी तिकडे!"

"माझं पुढे वेगळं, दगडाचं पुढे वेगळं," ती म्हणाली, आणि तिने सोडलं.

सगळी गोफण हातातून गेली. सुतळी सळसळत भेंडोळ्यातून सुटत राहिली. दगड न डावीकडे गेला, न उजवीकडे. तो खडकावर पोचला, भिंगरीपासून चार हातांवर आदळला, उडाला, एका खाचेत गडगडला, तिथून पुन्हा उसळला आणि उताराने पाण्याकडे घरंगळायला लागला. एकदा इकडे, एकदा तिकडे. कुठे जाईल काही सांगता येत नव्हतं.

आणि भिंगरी हलली नाही. ती नाकासमोर बघत उभी होती. आईने सांगितलं होतं तसं.

राखणदारणीने ते काठावरून पाहिलं. महिनाभर ती एकच गोष्ट सांगत आली होती. आता तिने तोंडाभोवती हात धरले.

"भिंगरे, रेघ सोड! भिरभिर! तुला जमेल तशी भिरभिर!"

भिंगरीने एकदा आईकडे पाहिलं, आपण बरोबर ऐकलं ना म्हणून. मग ती सुटली. दगड डावीकडे उसळला, तीही उसळली. दगड वळला, ती आधीच तिथे होती. सरळ धावणारा कोणी असता तर दगड जिथे होता तिथे पोचला असता, आणि दगड तिथे नसता. पण ही पोर नाकतोड्यांमागे धावून मोठी झाली होती. पुढच्या क्षणी कुठे जाईल हे ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं, अशा गोष्टी पकडण्याचा तिला सराव होता. अगदी पाण्याच्या काठाला तिने गोफणीवर पालथी उडी घातली आणि ती छातीशी धरली.

काठावर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पैलवान रडत होता.

पुढचं काम भराभर झालं. तेलीणमावशीने दोर सुतळीच्या मध्यावर बांधला आणि सुतळीचं टोक काठावरच ठेवलं; भिंगरीने सुतळी ओढली, सुतळीमागून दोर आला. दोराच्या टोकाला तेलीणमावशीने आधीच मोठा फासा करून ठेवला होता. तो कुठे अडकवायचा, हे आईला ओरडून सांगावं लागलं नाही. त्या खडकाचा एक सुळका बकरीच्या शिंगासारखा मागे वाकलेला आहे, हे भिंगरीला कधीपासून ठाऊक होतं. तिथे ती कितीदा तरी, नको तेव्हा, गेलेली होती. इकडचं टोक पैलवानाने काठावरच्या चिंचेच्या उंच फांदीला आवळून बांधलं. मग दोरावर लाकडी कडं सरकवून त्याला राखणदारणीच्या लुगड्याची झोळी टांगली, तान्ह्या मुलाला बांधतात तशी. सुतळीचं काठावरचं टोक झोळीला बांधलं; भिंगरीने सुतळी ओढून झोळी आपल्याकडे घेतली आणि आत बसली. सहावा थर बुडत होता.

आता झोळी ओढून आणायची होती. तिला ओढायला दुसरा एक दोर बांधला होता, तो ओढदोर गावाच्या हातात होता. पण काठामागे लगेच उंच दरड होती. मोकळी जागा जेमतेम दहा पावलं. दहा पावलं ओढायचं, थांबायचं, हात बदलायचे, ओल्या दोराची पकड सुटायची. सरळ जाणाऱ्यांना सरळ जायला जागाच नव्हती.

"माझं काम आलं वाटतं," बैल म्हणाला. "डोळ्यांवर झापड बांधा. नाहीतर नदी बघून माझे पाय लटपटतील."

त्याच्या जुवाला ओढदोर बांधला आणि तो चिंचेच्या बुंध्याभोवती फिरायला लागला. एका फेरीमागून दुसरी. दोर बुंध्यावर गुंडाळत गेला, आणि दहा पावलांच्या जागेत तो म्हातारा बैल पंचेचाळीस हात चालला. तो गोल फिरत होता, आणि त्याच्या फिरण्याने झोळी सरळ येत होती.

मध्यावर वारा लागला. झोळी हेलकावे खायला लागली, इकडे आणि तिकडे, खाली पिवळं पाणी. भिंगरीने घाबरून दोर धरायला हात वर काढले. गवंडी म्हणाले की झोळी आधी स्थिर करा, मग ओढा. तेव्हा तिसऱ्या पंगतीतल्या बायका पहिल्यांदाच पुढे आल्या. पाळणा हलवून हलवून म्हाताऱ्या झालेल्या त्या बायका. त्यातली एक म्हणाली की झोका अडवायचा नसतो. जेवढा तिकडे जाईल तेवढाच परत मध्यावर येतो, त्याला त्याची जागा ठाऊक असते. मग त्या सगळ्यांनी मिळून अंगाई धरली. नदीच्या आवाजात शब्द पोचत नव्हते, नुसता ठेका पोचत होता. भिंगरीने हात आत घेतले, पाय पोटाशी घेतले, आणि झोक्याला झोके घेऊ दिले.

सातवा थर बुडाला तेव्हा झोळी काठाला लागली.

राखणदारणीने लेकीला कवेत घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही. शेवटी भिंगरीच म्हणाली, "आई, गोफण रुततेय."

गोफण तिने कमरेला गुंडाळून आणली होती.

आता तुम्ही विचाराल, संध्याकाळच्या परीक्षेचं काय झालं? भिंगरी कारभाऱ्यासमोर उभी राहिली. कारभाऱ्याने चालायला सांगितलं. ती पाच पावलं चालली, मग तिला त्याच्या पागोट्यात अडकलेली काटकी दिसली, ती काढायला ती परत आली. कारभाऱ्याने तोंड उघडलं, पण त्याच्याने पंगत सांगवेना. सरळ गेलेला जासूद अजून परतला नव्हता. दगड गोल फिरून सरळ गेला होता, पोर भिरभिरून वाचली होती, बैलाने गोल फिरून तिला ओढलं होतं आणि येरझाऱ्यांच्या पंगतीतल्या बायकांनी तिला झोक्यात सांभाळलं होतं. यातली कुठली चाल काढून टाकली असती तर चाललं असतं, याचा तो रात्रभर हिशेब मांडत बसला, आणि तो जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाला पानं मांडायची वेळ आली. कारभाऱ्याने राजाचा जुना हुकूम गुंडाळून खुंटीला टांगून ठेवला आणि सांगितलं की पानं गोल मांडा. गोलाला ना पहिलं टोक ना शेवटचं. एकच अडचण उरली, की वाढायला सुरुवात कुठून करायची? जिथून करावी तिथे पहिली पंगत होणार. तेव्हा तेलीणमावशी म्हणाली, "लाडवांचं ताट भिंगरीच्या हातात द्या."

भिंगरी ताट घेऊन निघाली. आधी गवंड्याला वाढला, मग पलीकडे पळून पाळणेवाल्या आजीला, मग मध्येच बैलाला, मग परत अलीकडे येऊन पैलवानाला दोन. लाडू कोणाला कधी मिळेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पण त्या वर्षी लाडवाशिवाय कोणी उठलं नाही. जासूद जेवणं संपता संपता आला, धापा टाकत, राजधानीचा निरोप घेऊन. निरोप असा होता की काळजी घ्यावी. त्यालाही लाडू मिळाला.

त्यानंतरच्या सकाळी राखणदारणीने दारापासून लिंबापर्यंतची चुन्याची रेघ शेणाने सारवून टाकली. निम्मी पुसली तेव्हा तिचा हात एकदा थबकला. मग तिने उरलेली निम्मीही पुसली.

मग ती भिंगरीला घेऊन माळ्यावर गेली. गोफणीचा फासा तिने लेकीच्या बोटात चढवला. फासा सैल होत होता, म्हणून एक गाठ मारली. थोडा वेळ तिचा हात लेकीच्या मनगटावर राहिला, पहिल्या तीन फेऱ्यांपुरता. वेग आला, तसा तिने हात काढून घेतला.

"कधी सोडू, आई?" भिंगरीने विचारलं.

"माझ्याकडे बघू नकोस," आई म्हणाली. "दगडाचं नाक बघ."

तात्पर्य: कोणतीच चाल हलकी नसते, ती किती धरायची आणि कधी सोडायची, एवढंच शिकायचं असतं.